एक नंबरची मेमरी

खंडेनवमीच्या सकाळी मी मास्तरांच्या रेडिओला कुंकू लावलं आणि त्याच अंगठ्यानं त्यातल्या दहाच्या दहा मेमरी पुसून टाकल्या.

हे कळायला मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी एक चांगला सेल उपटला, दोन नवे आणले, त्यातला एक फोडला. आणि या सगळ्याचा आळ ज्याच्यावर घेतला त्याच्याच दुकानात जाऊन, त्याच्याच स्टुलावर बसून, त्यानंच मागवलेला चहा पीत त्याला चोर ठरवलं. वीज खात्यात माझी बत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेली. दारात येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मेन स्विच चालू आहे का बघितलंत?" लोक चिडायचे. आम्हाला काय खुळं समजता का, म्हणायचे. मी मनात म्हणायचो, होय.

रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा तो डबा डोळ्यांसमोर आणू नका. हा बोलायचा रेडिओ. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन काढायचं, गच्चीवर तार ताणायची आणि शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसाला विचारायचं, "माझा आवाज कसा येतोय?" तो म्हणतो चांगला येतोय, माझा कसा येतोय? आपण म्हणायचं चांगला येतोय. एवढ्यावर दोघंही दिवसभर खूश. घरोघरी मोबाईल आल्यावर हे कशाला, असं बायको विचारते. तिला पटेल असं उत्तर मला गेल्या पंचवीस वर्षांत सापडलेलं नाही.

ही खोड लावली मास्तरांनी. ते आयटीआयमध्ये शिकवायचे आणि संध्याकाळी आवड म्हणून परीक्षेची तयारी करून घ्यायचे. त्या वर्षी आम्ही दोघंच होतो. एक मी. दुसरा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शाहूपुरीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेला. जळालेल्या मोटरी आणि शेतावरचे पंप त्याच्याकडं यायचे. आतली काळी पडलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हा त्याचा धंदा. बोलायला महाकंजूष. दिवसाला त्याला ठराविक शब्दांचा कोटा मिळत असावा आणि त्यातलेही निम्मे तो शिल्लक टाकत असावा, असं मला कायम वाटत आलंय.

परीक्षेत टिकटिकीची भाषा यायला लागायची. मास्तर स्टीलच्या डब्याच्या झाकणावर नाण्यानं वाजवायचे, आम्ही ऐकून अक्षरं लिहायची. रिवाइंडिंगवाल्याला बेअरिंगच्या आवाजावरून मोटर किती महिने टिकेल ते कळायचं, त्याला हे काय अवघड? तो पहिल्या फटक्यात पास. मी तिसऱ्या. मास्तर त्याला कौतुकानं 'कान' म्हणायचे आणि मला 'तोंड'. मला ही माझ्या वक्तृत्वाची तारीफ वाटायची.

तेव्हापासून मी त्याच्यावर जळतो. सरळ सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. त्याच्या सोल्डरिंगच्या टाक्यावर जळतो, गोल आणि चकचकीत, जसा काही दवाचा थेंब. माझा टाका पक्ष्यानं टाकल्यासारखा. एकदा आमच्या घरचा मिक्सर मी दोन दिवस उघडून बसलो होतो. तो सहज म्हणून आला, चहा निवेपर्यंत मिक्सर चालू करून गेला. त्यानंतर बायको त्याचा विषय निघाला की अशा आवाजात बोलते, की मी लगेच दुसरा विषय काढतो.

पण माझ्याकडं एक गोष्ट होती जी त्याच्याकडं नव्हती. मास्तरांची सकाळ. निवृत्तीनंतर मास्तर कोडोलीला गावच्या घरी राहायला गेले. दारात दोन नारळ होते, त्यांच्यामध्ये तार ताणली. जपानी बनावटीचा जुना सेट, पाट्याएवढा जड, पुढं हिरव्या आकड्यांची काच. रोज सकाळी साडेसहाला मी सात हजार ब्याण्णवला बसायचो. रेडिओत प्रत्येक जागेला आकडा असतो, त्यातली ही माझी जागा. मास्तर तिथं यायचे, आम्ही बोलायचो. म्हणजे मी बोलायचो आणि मास्तर मधे मधे "बरं" म्हणायचे. रिवाइंडिंगवाला रविवारी दुपारी कुठंतरी वर, चौदा हजारांच्या पट्टीत, एकटाच टकटक करत बसायचा. वीस वर्षं माझी पक्की समजूत होती, की मास्तरांचा खरा शिष्य मी.

मास्तर गेल्या वर्षी गेले. तीनेक महिन्यांनी काकूंनी आम्हा दोघांना कोडोलीला बोलावलं. रेडिओ बाहेरच्या सोप्यात ठेवला होता, वर त्यांचाच धुतलेला टॉवेल टाकून.

"पोरीस्नी नगं हाय," काकू म्हणाल्या. "भंगारात घालायला माझा हात हुईना. तुमी दोघं वापरा. पंधरा दिस ह्यानं, पंधरा दिस त्यानं. हिरीच्या पाण्याला पाळी लावतोय तशी."

काकूंचं माहेर-सासर दोन्ही शेतकऱ्यांचं. एका विहिरीवर चार भाऊ असले की पाणी पाळीनं घ्यायचं, भांडायचं नाही, हे त्यांच्या हाडात. मी मान डोलावली आणि हात पुढं केला. काकू म्हणाल्या, "थांब. आधी त्याची पाळी."

"का ओ काकू?"

"तुजं घर पुलाच्या अलीकडं. ह्याचं दुकान पार तिकडं शाहूपुरीत, पाटाच्या शेवटाला, टेलाला. टेलाच्या रानाला पाणी आधी द्यायचं असतंय."

बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत काढून असला बिनतोड नियम मी पाहिला नाही. रिवाइंडिंगवाल्यानं रेडिओ उचलला, टॉवेलासकट. "बरं काकू," म्हणाला. त्या दिवसाचा कोटा संपला.

परतताना मोटरसायकलवर मागं बसून तो रेडिओ मांडीवर घेऊन होता आणि त्याची कड माझ्या पाठीत रुतत होती. मला एकच विचार सतावत होता. त्या सेटला दहा मेमरी होत्या. नेहमी लागणाऱ्या दहा जागा त्यात भरून ठेवायच्या, मग नुसता खटका फिरवला की ती जागा समोर. शिकवताना मास्तर म्हणाले होते, "सगळ्यात जास्त लागणारी जागा माणसानं एक नंबरला भरावी." आता मास्तर नव्हते, पण त्यांनी भरलेल्या त्या दहा जागा आत तशाच होत्या, एका लहानशा सेलच्या जिवावर. एक नंबरला सात हजार ब्याण्णव असणार याची मला खात्री होती. फक्त डोळ्यांनी बघायचं होतं. आणि ते माझ्याआधी तो बघणार होता.

पाळ्या सुरू झाल्या. त्याच्या पंधरा दिवसांत मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत होतो आणि करता करता माझ्या लक्षात आलं, की खंडेनवमी त्याच्या पाळीत येते. डोकं सटकलं. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची, यंत्रांची पूजा. म्हणजे हा आपल्या दुकानात, आख्ख्या शाहूपुरीसमोर, झेंडूच्या माळा घालून मास्तरांच्या रेडिओची पूजा करणार. गिऱ्हाइकं विचारणार हे काय हो? आणि हा म्हणणार, गुरूंचा रेडिओ. दोनच शब्द, पण तेवढे पुरे.

मी फोन लावला. "हे बघ मर्दा, त्या दिवशी तुझ्या दुकानात गर्दी. नारळ फोडताना पाणी उडणार, रेडिओवर पडलं तर? त्यापेक्षा मीच घेऊन येतो घरी. दोन दिवस आधी पाळी बदलू."

मला वाटलं भांडेल. माझी भांडायची तयारीही झाली होती. तो म्हणाला, "बरं."

असल्या माणसावर नुसतं जळायचं तरी किती?

मी खंडेनवमीच्या सकाळीच दुकानात पोचलो. त्यानं रेडिओ माझ्या हातात देताना सांगितलं, "मेमरी दहाच्या दहा हाईत. जपून ने."

तिथंच खटका फिरवून एक नंबर बघता आला असता. पण त्याच्यासमोर? म्हणजे माझा जीव त्यात अडकलाय हे त्याला कळलं असतं. मी अगदी बेफिकीर चेहरा करून म्हणालो, "असेनात," आणि सायकलच्या ट्यूबनं रेडिओ मागं बांधून घरी आलो.

घरी बायकोनं पाट मांडला होता. त्यावर विळी, शिलाई मशीनची कात्री, मोटरसायकलची किल्ली, माझे स्क्रू ड्रायव्हर. मधोमध मी रेडिओ ठेवला. वायर काढलेली होतीच, पूजेत पाणी शिंपडताना करंट नको, एवढी अक्कल नोकरीनं दिलेली. बायकोनं कुंकवाचं बोट पुढच्या हिरव्या काचेकडं नेलं आणि मी ओरडलो.

"पुढं नको! काचेवर डाग पडेल. मागं लाव."

"पाठीला कुंकू कोण लावतं हो? देव काय पाठ करून बसलाय का?"

"तुला नाही कळायचं. आण इकडं, मी लावतो."

मी रेडिओ फिरवला, अंगठा कुंकवात बुडवला आणि मागच्या पत्र्यावर भक्तिभावानं दाबून वर ओढला. अंगठ्याखाली काहीतरी खट् झालं. खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं मास्तर पावले.

आरती झाली, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, वायर लावली आणि रेडिओ चालू केला. काचेवर सात हजार शून्य शून्य. कारखान्यातून नवा आलेला रेडिओ दाखवतो तसं. खटका एक नंबरवर नेला. रिकामं. दोन रिकामं. दहापर्यंत गेलो, परत उलटा एकपर्यंत आलो. मास्तरांनी भरलेलं काहीच शिल्लक नव्हतं.

शहाण्या माणसानं इथं सेलकडं बघितलं असतं. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं सांगू? त्यानं पुसलं. पंधरा दिवस त्याच्याकडं होता. एक नंबरला माझी जागा बघितली, पोटात दुखलं, आणि सगळंच साफ केलं. म्हणून तर इतक्या सहज "बरं" म्हणाला! वर आणि "दहाच्या दहा हाईत, जपून ने". मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, म्हणून तर मला इतकी खात्री.

तरी पुरावा हवा होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. आत नाण्याएवढा सेल, त्याच्यावर मास्तरांच्या बारीक अक्षरात बदलल्याची तारीख. मीटर लावला तर पावणेतीन व्होल्ट. म्हणजे सेल धडधाकट. इथं खरं तर तपास दुसरीकडं वळायला हवा होता. मी मात्र उलटाच खूश झालो. सेल चांगला आहे, म्हणजे माणूस वाईट आहे!

पण मग मी एक चाचणी केली. एक नंबरला सात हजार ब्याण्णव भरलं, रेडिओ बंद केला, वायर काढली, शंभर आकडे मोजले, परत लावली. रिकामं. आता हा गुन्हा रिवाइंडिंगवाल्याच्या खाती टाकणं अवघड होतं, कारण तो खोलीत नव्हता. मग मी ठरवलं, की मीटर खोटं बोलतोय. सेल वरून चांगला दिसतो, आतून मेलेला आहे. मास्तरांच्या हातचा, मास्तरांच्या अक्षरातला सेल मी उपटून काढला. तो आता माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि अजूनही पावणेतीन व्होल्ट दाखवतो. खण उघडला की मी त्याच्याकडं बघायचं टाळतो.

बाजारातून कॉम्प्युटरला लागतो तसला सेल आणला, जास्तीचा म्हणून एक आणखी. पहिल्याला सरळ इस्त्री टेकवली. इस्त्री म्हणजे सोल्डरची. गोल चकचकीत टाका मारून दाखवतो, कोण समजतो तो स्वतःला, असं म्हणत जरा जास्त वेळ टेकवली. सेल तापला, फुगला आणि फट्कन उडाला. त्याचं झाकण डाळीच्या डब्यावर आदळलं. बायको आतून म्हणाली, "त्यांना का नाही बोलवत?" कोणाला, हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

दुसरा सेल मी छोट्या खोबणीत बसवला, खोबणीला वायरी जोडल्या. तीन व्होल्ट, कडक. परत एक नंबरला सात हजार ब्याण्णव भरलं. वायर काढली, शंभर मोजले, लावली. रिकामं. दुसऱ्या दिवशी परत भरलं. परत रिकामं. असे पाच दिवस. रोज मी त्या रेडिओला माझी जागा सांगायचो आणि रोज तो मला विसरायचा. साठी ओलांडली की माणसांना आपला विसर पडतो, ते समजून घेता येतं. यंत्राला पडला की फार लागतं.

नवव्या दिवशी मी रेडिओ मोटरसायकलला बांधला आणि शाहूपुरी गाठली. त्यानं आत काहीतरी बदललंय, एखादी वायर तोडून ठेवलीय, अशी माझी नवी खात्री होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं पंपाची वाट बघत बसलेली. बरंच झालं, साक्षीदार हवेच होते. मी स्टुलावर बसलो. त्यानं चहा सांगितला. चहा आला, मी निम्मा प्यालो आणि म्हणालो, "मास्तरांची मेमरी कोणी पुसली?"

तो मोटरमधून काळी तार ओढत होता. थांबला. "पुसली?"

"माझ्याकडं आला तेव्हा रिकामा होता."

"भरल्याली दिलीया की मी."

"तू म्हणतोस. मी काय बघितलं नव्हतं." इथं माझा आवाज चढला. "एक नंबरला कोणाची जागा होती ते तुला माहीत होतं. सहन झालं नाही ना?"

बाकावरचं एक गिऱ्हाईक दुसऱ्याला हळूच म्हणालं, "जमिनीचं हाय जनू."

रिवाइंडिंगवाल्यानं हात पुसले, रेडिओ पुढ्यात घेतला. झाकण उघडेल, खोबणी बघून हसेल, असं मला वाटलं. त्यानं झाकणाला हातच लावला नाही. रेडिओ फिरवून पाठ उजेडाकडं केली. पत्र्यावर माझ्या अंगठ्याचा लाल पट्टा नऊ दिवसांनंतरही ठसठशीत होता. त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला बोटभर खाच, खाचेत तांदळाएवढा एक खटका. त्यानं नखानं खाच कोरली आणि नख माझ्यासमोर धरलं. लाल.

"हे काय हाय?"

"कुंकू."

"कुनी लावलं?"

मी चहाच्या कपात बघितलं. तिथं निम्मा चहा होता.

"ह्यो सेलाचा स्विच हाय," तो म्हणाला, आणि मी त्याला ओळखतो तेव्हापासून एका दमात एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "बंद केला, की सेल कसला बी घाल, मेमरी ऱ्हात न्हाय. आमच्यात खंडेनवमीला कुंकू बॉडीला लावत्यात. स्विचला न्हाय."

गिऱ्हाइकं हसली. त्यातला एक मला म्हणाला, "पावणं, तुमी काय करता?" मी म्हणालो, वीज खात्यात होतो. ते दुप्पट हसले.

खटका त्यानं खाली सरकवला, माझ्याच स्टुलामागच्या बोर्डात वायर लावली, एक नंबरला कसलीतरी जागा भरली, वायर काढली, लावली. जागा तिथंच होती. हे सगळं होईतो माझा उरलेला चहा गार झाला.

"पण मास्तरांच्या गेल्या त्या गेल्याच," मी म्हणालो. हे मात्र मनापासून. नऊ दिवसांचा राग संपला आणि त्याच्याखाली काय होतं ते वर आलं. मास्तरांनी स्वतःच्या हातानं भरलेलं जगात तेवढंच उरलं होतं आणि ते मी पुसलं होतं. एक नंबरला कोण होतं, हे आता मला कधीच कळणार नव्हतं.

त्यानं रेडिओ बाजूला सरकवला. मग टेबलाखालून तेलकट वही काढली. रिवाइंडिंगवाल्यांची ही वही मी बघितली होती. मोटर उघडली की जुनी तार काढायच्या आधी ती किती वेढ्यांची, किती जाडीची, ते लिहून ठेवायचं. नाहीतर नवी गुंडाळायची कशी? या सवयीनं त्यानं रेडिओ हातात आल्याच्या पहिल्याच दिवशी, मोटरच्या नोंदीखाली, दहाच्या दहा मेमरी लिहून ठेवल्या होत्या. मला नुसतं बघायचं होतं. त्यानं बघून लिहिलं होतं. जळायला आणखी एक कारण मिळालं.

वही त्यानं लगेच दिली नाही. "मी वाचतो, तू भर," म्हणाला. मी वही त्याच्या हातातून ओढून घेतली.

एक नंबर, दहा हजार. दूरदेशीच्या केंद्रावरची सेकंदाची टिकटिक, मास्तर तिच्यावर घड्याळ लावायचे. दोन नंबर, काकूंच्या जुन्या गाण्यांचं केंद्र. तीन नंबर, चौदा हजार बावीस. ही त्याची जागा. रविवारची, टकटकीची. चार, पाच, सहा, मी खाली खाली जात राहिलो. पूर आला की लोक जमायचे ती जागा होती. केरळातला मास्तरांचा एक मित्र होता. दहा नंबरला हवामानाचं काहीतरी होतं.

सात हजार ब्याण्णव कुठंच नव्हतं. एक नंबर सोडाच, दहातही नव्हतं.

आता मला कळलं, तो वही का देत नव्हता. तीन आठवडे त्याला हे माहीत होतं, आणि त्यानं मला सांगितलं नाही.

"भर की," तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "तीनची माझी सोड. तितं तुजी घाल."

त्यानं माझी टिंगल केली असती तर मी टिकलो असतो. ज्याच्यावर पंचवीस वर्षं जळलो त्यानं आपली जागा उठवून मला बसायला द्यावी, याच्यावर औषध नाही. मी निमूटपणे दहाच्या दहा होत्या तशा भरल्या, तीनला त्याचीच. आणि म्हणालो, "चल कोडोलीला. काकूंना सांगून टाकतो."

सांगायचं निमित्त होतं. मला विचारायचं होतं.

तो मागं बसला, रेडिओ मांडीवर. परत तीच कड पाठीत. कोडोलीला काकू सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कुंकवापासून सगळं कबूल केलं. काकू शेंगा फोडत ऐकत होत्या. सेल उडाला तिथं हसल्या. शेवटी म्हणाल्या, "परत भरलंसा न्हवं? मग झालं. शेंगा खावा."

मी शेंग हातात घेऊन तसाच बसलो. "काकू, एक विचारू? वीस वर्षं रोज सकाळी मी मास्तरांशी बोलत होतो. ह्याची जागा त्यांनी भरली होती. माझी का नाही भरली?"

विचारल्यावर मला माझीच लाज वाटली. एवढा मोठा माणूस, हातात शेंग, आणि विचारतोय काय. रिवाइंडिंगवाला अंगणातल्या नारळाकडं बघायला लागला.

"एवढंच व्हय?" काकूंनी टरफलं सुपातून बाजूला केली. "मी बी इच्यारलं हुतं त्यास्नी एकदा. म्हटलं, लायटीवाल्याचा, म्हंजे तुजा, नंबर का घाटला न्हाय? तर म्हणालं, त्यो दुसरा घुम्या हाय, आठवड्यातनं एकदा टकटकतोय, त्याला हुडकायला लागतंय, म्हणून भरून ठेवलाय. लायटीवाल्याला कशाला भरायचा? सकाळी कुटं बी चाक फिरवा, त्याचं तोंड चालूच असतंय."